ही गाडी पाण्यात बुडाली होती का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईत मुसळधार पावसाचा इशारा आला आणि वेलचेरीच्या उड्डाणपुलावर गाड्यांची रांगच रांग लागली! पुलावर कुणी गाडी उभी करतं का? वेलचेरीकरांनी केली. हा भाग सखल, शेजारीच पळ्ळिकरणैची दलदल. २०१५ आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये इथल्या घरांत आणि गाड्यांतही पाणी शिरलं होतं.

आता सांगा, बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत केली आणि विकायला काढली, तर घेणाऱ्याला कळणार कसं? मालकाला ठाऊक असतं, गिऱ्हाइकाला नसतं.

समजा, बाजारात निम्म्या गाड्या धडधाकट आहेत, निम्म्या बुडालेल्या. धडधाकट गाडीसाठी गिऱ्हाईक ३ लाख मोजेल, बुडालेलीसाठी १ लाख. पण ओळखायची कशी? म्हणून तो मधला भाव सांगतो, २ लाख. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, "अडीचच्या खाली परवडत नाही," आणि गाडी घरी नेतो. मागे उरतात बुडालेल्याच! हेही गिऱ्हाइकाच्या लक्षात येतं. भाव घसरत घसरत १ लाखावर येतो आणि तिथेच थांबतो. आता कुणालाच आपला निर्णय बदलावासा वाटत नाही. अर्थशास्त्रात याला समतोल म्हणतात. चांगल्या गाड्या आहेत, त्या घ्यायला माणसंही आहेत, तरी सौदा होत नाही. मला याचं फार नवल वाटतं आणि हळहळही वाटते.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन हे कोडं मांडलं. त्याआधी तीन नियतकालिकांनी त्यांचा लेख नाकारला होता. २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं.

मग गुपित फोडायचं कसं? जाणकार मेकॅनिक सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघतो. एरवी आत गुंडाळलेल्या त्या टोकावर गाळाचा डाग सापडू शकतो. मग मॅट उचलून कुबट वास येतो का, सीटखालचे बोल्ट गंजलेत का, हेही तो तपासतो.

मालकही एक गोष्ट करू शकतो. "सहा महिन्यांत काही बिघडलं तर खर्च माझा," असं लिहून द्यायचं. धडधाकट गाडीच्या मालकाला ही हमी स्वस्तात पडते. बुडालेल्या गाडीचा मालक मात्र ती द्यायला कचरतो, कारण वायरिंग नि इंजिनच्या दुरुस्तीतच त्याचे सगळे पैसे जातील. म्हणून हमी असलेल्या गाडीला गिऱ्हाईक पुन्हा ३ लाखांच्या आसपास मोजायला तयार होतं.