साखर कारखान्याचा नवा बॉयलर: आखणीपासून अग्निप्रदीपनापर्यंत

साखर कारखान्याच्या बॉयलरची आखणी उसापासून सुरू होते. किती ऊस येईल, किती दिवस येईल आणि त्यातून किती भुसा निघेल, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती असल्याशिवाय बॉयलरचा आकार ठरवता येत नाही. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात ही उत्तरे पाण्याशी बांधलेली आहेत. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते आणि जायकवाडीचा 208 किलोमीटर लांबीचा पैठण डावा कालवा याच पट्ट्यातून परभणीकडे जातो. जायकवाडीचा नाथसागर जलाशय भरला की दोन हंगामांचा ऊस उभा राहतो, आणि तो रिकामा राहिला की गाळप आटते. तीर्थपुरीचा सागर कारखाना आणि देवी दहेगावचा समृद्धी शुगर्स हे तालुक्यातील कारखाने याच उसावर चालतात. अशा भागात केवळ चांगल्या वर्षाचा ऊस धरून बॉयलर घेतला, तर वाईट वर्षी तो अर्ध्या भारावर चालवावा लागतो. अर्ध्या भारावर भट्टीचे तापमान पडते, भुसा नीट जळत नाही आणि तेवढ्याच वाफेला जास्त जळण लागते. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो.

हिशेब तसा सरळ आहे. रोज 2500 टन गाळप करणाऱ्या कारखान्यात तासाला सुमारे 104 टन ऊस चरकाखाली जातो. रस काढल्यावर उसाच्या वजनाच्या 28 ते 30 टक्के भुसा, म्हणजे बगॅस, उरतो. हे तासाला साधारण 30 टन जळण झाले. या भुशात निम्मे पाणी असते, त्यामुळे त्याचे उष्मांकमूल्य किलोला 2200 ते 2300 किलोकॅलरीच्या आसपास राहते. तरीही चांगल्या बॉयलरमध्ये एक किलो भुशातून सव्वादोन किलोच्या जवळपास वाफ निघते, म्हणजे तासाला 65 टनांच्या घरात. रस तापवणे, आटवणे, पॅनमध्ये साखर शिजवणे आणि टर्बाइन फिरवणे या सगळ्याला उसाच्या वजनाच्या 45 टक्के वाफ लागते असे धरले, तर गरज 47 टनांची. जळण विकत न घेता स्वतःची गरज भागवून वर उरवणारे मोठे उद्योग विरळाच.

या उरलेल्या भुशामुळेच आखणीत पहिली गफलत होते. भुसा आहे, म्हणून मोठा बॉयलर घ्यावा, असे संचालक मंडळाला वाटते. पण जुन्या कारखान्यांत वाफेचा वापर 50 टक्क्यांच्याही वर जातो, आणि त्यातला बराचसा टाळता येण्यासारखा असतो. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या मधल्या बॉडीतली वाफ रस तापवायला वापरणे, बॅच पॅनच्या जागी सतत चालणारे पॅन बसवणे, पाइपांवरचे फाटलेले आवरण बदलणे, गळणारे स्टीम ट्रॅप दुरुस्त करणे, एवढ्यावरही वापर 40 टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो. 2500 टनी कारखान्यात दहा टक्क्यांची बचत म्हणजे तासाला दहा टन वाफ. भुशात मोजली तर ती दिवसाला 110 टनांच्या पुढे जाते आणि दीडशे दिवसांच्या हंगामात 17 हजार टनांच्या जवळ पोचते. म्हणून आधी वाफेचा ताळेबंद, मग वाफेची बचत आणि त्यानंतर बॉयलरची निविदा, हाच क्रम बरोबर आहे. उलट क्रमाने गेलेल्या कारखान्यांनी गळतीसाठीच बॉयलर विकत घेतला, असे म्हणावे लागते.

सरासरीइतकाच महत्त्वाचा आहे चढउतार. पॅनमध्ये नवा शिजवा धरला की वाफेची मागणी एकदम उसळते, आणि चरक थांबला की एकदम पडते. त्यामुळे सरासरी गरज 47 टनांची असली, तरी बॉयलर 55 ते 60 टनांचा लागतो. वीज विकायची असेल तर आकडा आणखी वर जातो.

क्षमतेनंतर दाब. जुने कारखाने चौरस सेंटिमीटरला 21 किलो दाबाची आणि सुमारे 340 अंश तापमानाची वाफ करत. तिच्यावर चरक आणि दिवे चालत, पण विकायला वीज उरत नसे. पुढे 32, 45, 67, 87 अशा पायऱ्या चढत आज 110 किलो दाब आणि 540 अंश तापमानाचे बॉयलर महाराष्ट्रात चालतात. त्यामागचे तत्त्व साधे आहे. रस आटवायला वाफ लागते ती दीड-दोन किलो दाबाची. ती भट्टीपाशीच कमी दाबावर तयार करण्याऐवजी चढ्या दाबावर तयार करावी, मधला दाब टर्बाइनमध्ये विजेत उतरवावा आणि टर्बाइनमधून बाहेर पडणारी एक्झॉस्ट वाफ रसाकडे पाठवावी. एकाच भुशातून दोन कामे होतात, आणि आत शिरताना दाब जितका जास्त तितकी वीज जास्त मिळते. मात्र चढा दाब कडक शिस्त मागतो. 21 किलोवर चालून जाणारे पाणी 87 किलोवर नळ्या फोडते. दुरुस्तीला लागणारे वेल्डर आणि मिश्रधातूच्या नळ्या तालुक्याच्या गावी मिळत नाहीत. केवळ विजेच्या दरावर नजर ठेवून दाब ठरवणे धोक्याचे ठरते, कारण वीजखरेदी कराराचा दर बदलतो आणि बॉयलर पंचवीस-तीस वर्षे तोच राहतो.

पाण्याचा प्रश्न मराठवाड्यात आधी विचारला जातो, आणि ते योग्यच आहे. बेसॉल्ट खडकातले भूजल जड असते. ते जसेच्या तसे बॉयलरमध्ये घातले तर नळ्यांत क्षारांचा थर बसतो. थराखाली उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, धातू तापून मऊ पडतो आणि नळी फुगून फुटते. पण साखर कारखान्याला एक वरदान आहे. उसाच्या वजनात जवळजवळ 70 टक्के पाणी असते, त्यामुळे रस आटवताना कारखाना पाणी तयारच करत असतो. एक्झॉस्ट वाफ इव्हॅपोरेटरच्या पहिल्या बॉडीत थंड होऊन जे गरम, शुद्ध पाणी होते, ते पुन्हा बॉयलरकडे येते. बाहेरचे पाणी लागते ते सुरुवातीला आणि तूट भरून काढायला. तेवढ्यासाठी आरओ किंवा डीएम संयंत्र, विरघळलेला प्राणवायू काढणारा डीएरेटर आणि पाण्याच्या दोन-तीन दिवसांच्या साठ्याची टाकी आराखड्यात असावी लागते.

या परत येणाऱ्या पाण्याला एकच शत्रू आहे, तो म्हणजे साखर. इव्हॅपोरेटरची एखादी नळी गळली की रसाचा अंश पाण्यात मिसळतो. बॉयलरच्या तापमानाला साखरेचे विघटन होऊन आम्ल तयार होते, ड्रममध्ये फेस येतो आणि फेसाबरोबर पाण्याचे थेंब सुपरहीटरमध्ये आणि तिथून टर्बाइनवर जातात. म्हणून प्रयोगशाळेत ठरावीक अंतराने अल्फा-नॅप्थॉल आणि गंधकाम्ल घालून पाणी तपासतात. जांभळी कडी दिसली की ते पाणी बॉयलरकडे जाऊ द्यायचे नाही. नव्या बॉयलरच्या आखणीत असे पाणी बाजूला वळवणारा व्हॉल्व्ह आणि ते साठवणारी वेगळी टाकी सुरुवातीपासून हवी. खर्च कमी करताना नेमकी हीच टाकी अनेकदा वगळली जाते.

जागा निवडताना गोदाकाठची काळी माती आड येते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ड्रम, नळ्या, पोलादी सांगाडा आणि आतले पाणी मिळून शेकडो टनांचा भार असल्या मातीवर ठेवता येत नाही, म्हणून पाया मुरुमाच्या किंवा खडकाच्या थरापर्यंत न्यावा लागतो. मातीचे परीक्षण उन्हाळ्यात उरकून घेतले तर एक हंगाम वाचतो. भुशाच्या यार्डाला जागा मोठी लागते, कारण सुटा भुसा हलका आणि फुगीर असतो. तो पेटही लवकर घेतो, तेव्हा यार्ड आणि बॉयलर यांच्यात अंतर हवे आणि भोवती अग्निशमनाची पाइपलाइन हवी. या यार्डात पुढच्या हंगामासाठी थोडा भुसा राखून ठेवावाच लागतो, कारण पहिल्या दिवशी चरक फिरायला वाफ लागते आणि तेव्हा नवा भुसा आलेला नसतो.

धुराड्याचा प्रश्न कारखान्याच्या कुंपणापाशी संपत नाही. भुशाची राख हलकी असते आणि वाऱ्यावर दूर जाते. गाळपाचे महिने म्हणजे कापूस वेचणीचेही महिने, आणि घनसावंगी परिसरात कापूस हे मोठे पीक आहे. फुटलेल्या बोंडावर काळी राख पडली तर भाव उतरतो. प्रदूषण नियंत्रणाच्या निकषानुसार भुशावरच्या बॉयलरच्या धुरात घनमीटरला 150 मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूलिकण चालत नाहीत. त्यासाठी पाण्याने धूर धुणारा वेट स्क्रबर किंवा विजेच्या भाराने कण खेचणारा ईएसपी लागतो. स्क्रबर स्वस्त असतो, पण पाणी पितो आणि चिखल मागे ठेवतो. दुष्काळी तालुक्यात ईएसपीचा जादा खर्च सोसणे शहाणपणाचे.

बॉयलर कायद्याखालच्या मंजुरीचे काम निविदेबरोबरच सुरू करावे लागते. 1863 साली कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. देशभरासाठी एकच कायदा 1923 साली झाला, त्याखालील तांत्रिक नियमावली 1950 साली आली आणि 1923 च्या कायद्याची जागा आता 2025 च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे. महाराष्ट्रात तपासणी आणि मंजुरीचे काम बाष्पके संचालनालय पाहते. बॉयलरची चित्रे तो बनवणाऱ्या कंपनीने आधी मंजूर करून घ्यायची, प्रत्येक पत्र्याचा आणि नळीचा दाखला जोडायचा, जोडणी मान्यताप्राप्त ठेकेदाराकडून आणि वेल्डिंग परीक्षा दिलेल्या वेल्डरकडूनच करून घ्यायची. वाफेच्या मुख्य पाइपलाइनचीही स्वतंत्र मंजुरी लागते, आणि ती विसरल्यामुळे तयार बॉयलर थांबून राहतो. शेवटी निरीक्षकासमोर कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर पाण्याची चाचणी होते आणि नोंदणी क्रमांक मिळतो.

जोडणीला साधारण वर्ष लागते, तेव्हा पुढच्या दसऱ्याला बॉयलर पेटवायचा असेल तर मागणी आदल्या हंगामातच नोंदवावी लागते. जोडणी झाल्यावरचे काही आठवडे घाई सहन करत नाहीत. आधी मंद जाळाने भट्टीच्या विटा आणि अस्तर सुकवायचे. मग सोडा आणि फॉस्फेट घातलेले पाणी उकळून नळ्यांतले तेल-ग्रीस काढायचे. त्यानंतर वाफेच्या झोताने पाइपलाइन झाडायची, कारण वेल्डिंगचा एक सुटा कणही टर्बाइनची पाती खराब करतो. झोतासमोर धरलेल्या पट्टीवर ओरखडे उठायचे थांबले की पाइप स्वच्छ झाला असे समजतात. शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या दाबाला उघडतात की नाही ते पाहतात. बॉयलर अग्निप्रदीपनाचा मुहूर्त जाहीर झाला, पत्रिका छापल्या, म्हणून यातला एखादा टप्पा आखडता घेणे हा या क्षेत्रातला सर्वांत महागडा उतावीळपणा आहे.

माणसांची तरतूद आराखड्यातच हवी. ड्रममधले पाणी काही मिनिटांपुरतेच असते. फीड पंप बंद पडला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर नळ्या कोरड्या पडतात. म्हणून दुसरा पंप कायम तयार ठेवतात आणि वीज गेली तरी चालेल अशी सोय करतात. ड्रमवर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन काचा असतात. कंट्रोल रूममध्ये पडदे आले, तरी पाळीवरच्या अटेंडंटने प्रत्यक्ष काच पाहावी, हा नियम मोडू नये. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे परवानाधारक अटेंडंट तीनही पाळ्यांना आणि मोठ्या बॉयलरला बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर लागतोच. त्यांची नेमणूक जोडणीच्या काळातच करावी. ज्याने नळ्या बसताना पाहिल्या, त्याला त्या कुठे फुटू शकतात हेही कळते.

हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपला की बॉयलर पाच-सहा महिने थंड असतो, आणि गंज या काळात सर्वांत जास्त चढतो. ओल्या पद्धतीने राखायचा तर त्यात प्राणवायू शोषणारी रसायने घातलेले पाणी काठोकाठ भरतात. कोरड्या पद्धतीत तो पूर्ण सुकवून आत चुनकळी किंवा सिलिका जेल ठेवून बंद करतात. पावसाळ्यापूर्वी नळ्यांवरची राख काढावी लागते, कारण ओलसर राख पोलाद खाते. याच काळात नळ्यांची जाडी मोजतात, झिजलेल्या बदलतात, व्हॉल्व्ह घासून बसवतात आणि वार्षिक तपासणीसाठी बॉयलर उघडा ठेवतात. निरीक्षकाचे प्रमाणपत्र बारा महिन्यांचे असते. ते नव्याने मिळाल्याशिवाय पुढच्या हंगामात भट्टी पेटवता येत नाही.