पाणीपुरीची पुरी तोंडात जाईना? जबड्याचं ऐका!

सकाळी उठल्यावर गाल आवळून आल्यासारखे वाटतात. जांभई देताना कानाजवळ 'कट्' असा आवाज येतो. पाणीपुरीची मोठी पुरी तोंडात टाकण्याआधी दोनदा विचार करावा लागतो. कान दुखतोय म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जावं, तर ते म्हणतात, 'कान एकदम स्वच्छ आहे.' मग नेमकं दुखतंय काय?

यातलं एखादं लक्षण तुमच्यात किंवा तुमच्या ग्रुपमधल्या कुणात असेल, तर हे वाचाच. अशा वेळी दोषी बऱ्याचदा कान नसतो आणि दाढही नसते, तर जबड्याचा सांधा आणि त्याभोवतीचे स्नायू असतात. ही तक्रार साधारण वीस ते चाळीस या वयात जास्त दिसते, आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक. म्हणजे 'हे म्हातारपणचं दुखणं' असं म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही.

हा सांधा असतो कुठे?

दोन्ही हातांची पहिली बोटं कानांच्या किंचित पुढे ठेवा आणि तोंड हळूच उघडा, मिटा. बोटांखाली काहीतरी सरकतंय ना? तोच हा सांधा. डॉक्टर त्याला टेम्पोरोमँडिब्युलर जॉइंट, थोडक्यात 'टीएमजे' म्हणतात. खालच्या जबड्याचं हाड इथे कानशिलाच्या हाडाला जोडलेलं असतं. हा सांधा दाराच्या बिजागरीसारखा फिरतो आणि ड्रॉवरसारखा पुढे सरकतोही. बोलणं, खाणं, जांभई, गाणं, सगळं त्याच्याच जोरावर चालतं.

दोन हाडांच्या मध्ये चिवट तंतूंची एक लहानशी चकती असते. ती जागेवरून थोडी सरकली, तर तोंड उघडताना पुन्हा जागेवर येते आणि तेव्हा 'कट्' वाजतं. नुसता आवाज येतोय, दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतंय, तर घाबरू नका. अशा आवाजाला सहसा उपचार लागत नाहीत. पण इतके दिवस येणारा आवाज अचानक बंद झाला आणि तोंडही कमी उघडू लागलं, तर 'बरं झालं, आवाज गेला' असं समजू नका. चकती पुढेच अडकून बसलेली असू शकते. डॉक्टरांना लवकर दाखवा.

दुखतं का?

बहुतेकांचं दुखणं सांध्यापेक्षा जबडा हलवणाऱ्या स्नायूंचं असतं. हे वाचताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का, बघा. टेकले असतील तर तिथेच गडबड आहे. खाणं आणि गिळणं सोडलं, तर दिवसभर दात एकमेकांपासून सुटे असायला हवेत. पण सबमिशनची शेवटची रात्र, व्हायवाच्या रांगेतली घालमेल, मोबाइलवरचा गेम, या सगळ्यात आपण नकळत दात आवळून बसतो. 'दात-ओठ खाणं' हा आपल्याकडचा वाक्प्रचार उगाच नाही आलेला!

दुसरा प्रकार म्हणजे झोपेत करकर दात खाणं. तुम्हाला ते कळतच नाही; सांगतो तो रूममेट. घरी सांगितलं तर आजी म्हणते, 'पोटात जंत झालेत.' या समजुतीला पक्का आधार नाही. मोठ्या माणसांमध्ये त्याचा संबंध ताण, बिघडलेली झोप, जास्त कॉफी, दारू, सिगारेट आणि काही औषधं यांच्याशी आढळतो.

यात आता नवी भर पडली आहे ती 'जॉलाइन'ची. रीलमध्ये बघून रबरी गोळा किंवा कडक च्युइंगगम तासन्‌तास चावणारे बरेच आहेत. जबडा आधीच कुरकुरत असेल, तर हा व्यायाम म्हणजे मुरगळलेल्या पायाने पळायला जाणं. याशिवाय बाइकवरून पडून हनुवटीला लागलेला मार, कबड्डीत बसलेला कोपर आणि सांधेदुखीचे काही आजार हीही कारणं असतात.

कान, दाढ की जबडा?

कान आणि हा सांधा अगदी खेटून आहेत, म्हणून फसगत होते. 1934 साली अमेरिकेतल्या जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घसा डॉक्टरांनी कानाच्या तक्रारींचा जबड्याशी असलेला संबंध मांडला. दाढा पडल्याने जबडा जास्त मिटतो आणि कानाजवळ दाब येतो, हे त्यांनी दिलेलं कारण पुढे टिकलं नाही. पण कान ठणठणीत असताना कान दुखत असेल तर जबडा तपासावा, ही गोष्ट मात्र आजही लागू आहे.

तुमच्या वयात आणखी दोन गोष्टींशी गल्लत होते. पहिली, अक्कलदाढ. साधारण सतरा ते पंचवीस या वयात ती येते. जागा पुरली नाही की भोवतालची हिरडी सुजते, तोंड उघडत नाही, कधी तापही येतो. तिचा उपचार पूर्ण वेगळा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी कॉलेजबाहेरच्या टपरीवर काय काय मिळतं, हे तुम्हाला सांगायला नको. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा हळूहळू कडक, पांढुरकी होत जाते. तिखट खाल्लं की आग होते आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडतं. याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. 'नुसती सुपारीच तर आहे, तंबाखू नाही' हा युक्तिवाद इथे चालत नाही. खात असाल तर आज बंद करा आणि दातांच्या डॉक्टरांना न लपवता सांगा.

तीन बोटांची चाचणी

पहिली, मधली आणि अनामिका ही आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जातात का, ते बघा. साधारणपणे जातात. दोनच जात असतील तर दाखवून घ्या. जोर मात्र लावू नका.

घरी काय कराल?

- ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला अलगद टेकलेली, ही जबड्याची आरामाची स्थिती. लॅपटॉपच्या कडेला एक रंगीत ठिपका चिकटवा. तो दिसला की दात सुटे करा.
- आठ-दहा दिवस मऊ खा. मुगाची खिचडी, दहीभात, उपमा, इडली. कडक भाकरी, चिक्की, ऊस, फुटाणे आणि च्युइंगगम बंद. सफरचंद थेट चावण्याऐवजी फोडी करा.
- गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गालावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. दिवसातून दोन-तीनदा.
- जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे तोंड फार वासलं जाणार नाही.
- संध्याकाळनंतरची कॉफी कमी करा. नखं आणि पेनाची टोपणं चावणं सोडा.
- वेदनाशामक गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, थोडेच दिवस. अॅसिडिटी किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय नकोच.

बहुतेकांना एवढ्यानेच बराच फरक पडतो.

डॉक्टर काय करतील?

दातांचे डॉक्टर आधी सांधा आणि स्नायू दाबून बघतात, तोंड किती उघडतं ते मोजतात, दात झिजलेत का ते तपासतात. अक्कलदाढ किंवा किडलेला दात नाही ना, याची खात्री करतात. गरज वाटली तर एक्स-रे, आणि चकतीचा प्रश्न दिसला तर एमआरआय.

उपचारांत जबड्याचे व्यायाम, फिजिओथेरपी, थोडे दिवस औषधं आणि रात्री घालायची अॅक्रिलिकची पट्टी, म्हणजे नाइट गार्ड, हे येतं. पट्टीमुळे दात खायची सवय जातेच असं नाही, पण दात झिजण्यापासून वाचतात आणि अनेकांचं दुखणंही कमी होतं. ती तुमच्या दातांचं माप घेऊनच करायला हवी. ऑनलाइन मागवून गरम पाण्यात मऊ करायची पट्टी नीट बसली नाही, तर त्रास वाढू शकतो. ताण फार असेल तर समुपदेशकांशी बोलणं हाही उपचारच आहे, त्यात लाजायचं काही नाही. सांध्यात सुई घालून तो धुणं किंवा शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते.

एक मात्र लक्षात ठेवा. नुसत्या या दुखण्यासाठी कुणी पहिल्याच भेटीत चांगले दात घासून कमी करायला, सगळ्या दातांवर कॅप बसवायला किंवा ब्रेसेस लावायला सांगितलं, तर थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. घासलेला दात परत उगवत नाही. आधी मागे घेता येतील असेच उपचार करायचे, हा इथला साधा नियम आहे.

लगेच कधी जायचं?

तोंड उघडं राहून मिटतच नसेल, तर थेट हॉस्पिटल गाठा; मित्रांकडून जबडा बसवून घेऊ नका. मार लागल्यावर दात नीट जुळत नसतील, गाल सुजून ताप असेल, चेहरा बधिर वाटत असेल किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांतही भरत नसेल, तर उद्यावर ढकलू नका.

खर्चाची काळजी असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी दंत महाविद्यालयं, आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय आहे. तिथे 'ओरल मेडिसिन'ची ओपीडी विचारा. जाताना दुखणं कधी सुरू झालं, सकाळी जास्त असतं की संध्याकाळी, आवाज येतो का, कोणती औषधं चालू आहेत, हे मोबाइलमध्ये लिहून न्या. आणि झोपेत दात खाता का, हे आदल्या दिवशी रूममेटला विचारून ठेवा!