निदानाची किंमत

गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबांचे जन्मग्राम. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. निदान स्पष्ट होते. तरी औषध व अन्न नाकारून १५ नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला. त्यांच्या वैराग्याचा गौरव यथार्थच. पण त्यांच्यामागे संसार नव्हता, हेही खरे. गागोद्याच्या एखाद्या कुटुंबवत्सल शेतकऱ्याच्या छातीत कळ आली, तर रोगाचे नाव न कळलेलेच बरे वाटते, आणि न कळल्याने झोपही लागत नाही. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. बुडालेली मजुरी आणि उशाशी बसणाऱ्याचा खाडा मात्र त्या हिशेबात धरलेला नाही.