डॉक्टर व परिचारिका

मोठ्या रुग्णालयांत आपल्या घरच्या कोणा माणसाच्या उशाशीं बसण्याचा प्रसंग वाचकांपैकीं बहुतेकांवर केव्हां तरी आलाच असेल. सकाळीं डॉक्टरसाहेब येतात. त्यांच्या मागें तरुण डॉक्टरांचा मेळा आणि शेजारीं हातांत कागद घेतलेली परिचारिका. खाटेपाशीं ते चार-पांच मिनिटें थांबतात, नाडी पाहतात, दोन प्रश्न विचारतात, एखादें औषध बदलतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. परिचारिका मात्र तेथेंच राहते. तिची पाळी संपली कीं दुसरी येते, मग तिसरी. आणि त्या रोग्याचा घांस, घोट, ताप, झोंप व कण्हणें हें सर्व दिवसरात्र त्यांच्याच नजरेखालीं असतें. डॉक्टर रोग्यास ओळखतो तो शास्त्राच्या अभ्यासानें. परिचारिका ओळखते ती अभ्यासाबरोबरच सहवासानें. एकाच माणसाविषयीं दोघांस दोन निरनिराळ्या गोष्टी ठाऊक असतात, आणि कोणाचें म्हणणें ऐकावयाचें हा प्रश्न तेथूनच निघतो.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनीं ह्या प्रश्नाचा विचार केला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि स्वतः रोगी. प्रत्येकाच्या अंगीं चार-चार गुण असावेत. उपस्थात्याचे गुण म्हणजे शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग व शुचिता. परंतु चरक येथेंच थांबत नाहीं. माती, दांडा, चाक व दोरी हीं सर्व असलीं तरी कुंभारावांचून मडकें होत नाहीं, त्याप्रमाणें वैद्यावांचून बाकीचे तीन पाद व्यर्थ होत, असें तो पुढें सांगतो. पाद चार खरे. पण मान एकाचा मोठा.

ह्या मानाचा वाद आधुनिक काळांत उघडपणें उभा राहिला तो एका युद्धांत. १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांतील इंग्रज सैनिकांना कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयांत आणीत असत. तेथील दुर्दशेच्या बातम्या लंडनच्या वृत्तपत्रांत येऊं लागतांच सरकारनें फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या बाईंस ३८ स्त्रिया बरोबर देऊन तिकडे पाठविलें. त्यांत ननें व इतर धर्मभगिनी होत्या, तशा रुग्णालयांत पगारावर काम केलेल्या बायकाही होत्या. नोव्हेंबरच्या आरंभीं त्या पोंचल्या, परंतु लष्करी डॉक्टरांना त्यांचें येणें मुळींच आवडलें नाहीं. ह्याबद्दल त्या डॉक्टरांस सर्वस्वीं दोष देतां येईल असें मला वाटत नाहीं. औषधें नाहींत, कापड नाहीं, खाटा नाहींत. रात्रंदिवस ते राबत होते, आणि आतां घरीं बसलेल्या मंडळींनीं त्यांच्यावर देखरेखीस जणूं बायका धाडल्या होत्या!

तेव्हां नाइटिंगेलबाईंनीं आपल्या सोबतिणींस एक विलक्षण आज्ञा दिली. डॉक्टरांनीं बोलाविल्याखेरीज एकीनेंही रोग्यास हात लावावयाचा नाहीं. पलीकडच्या दालनांत माणसें कण्हत आहेत आणि ह्या स्त्रिया खोलींत बसून कापडाच्या घड्या घालीत आहेत, उशा शिवीत आहेत, असे दिवस गेले. कित्येक जणी बाईंवर रागावल्या. थोड्याच दिवसांत बालाक्लाव्हा व इंकरमन येथील लढायांतील जखमींचीं जहाजें येऊन लागलीं, डॉक्टरांचे हात अपुरे पडले, आणि त्यांनींच बोलावणें पाठविलें. बाईंचा डाव साधला असें इतिहासकार म्हणतात, आणि तें खरेंही आहे. परंतु त्या मधल्या दिवसांत पलीकडच्या दालनांत जे पडून होते, त्यांस हा डाव कसा वाटला असेल हें कोणीं विचारल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

बाईंच्या नांवाबरोबर दिवा आपणांस आठवतो. मात्र एक गोष्ट शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाहीं. बाई आल्यानंतरही स्कुटारीचे मृत्यु एकदम थांबले नाहींत. १८५५ च्या फेब्रुवारींत तेथें शंभरांतील सुमारें ४२ रोगी मरत होते. इमारतीखालचीं गटारें तुंबलेलीं होतीं. मार्च महिन्यांत सरकारनें स्वच्छतेची पाहणी करण्यास एक मंडळ पाठविलें, त्यांत डॉ. जॉन सदरलंड हे होते व रॉलिन्सन नांवाचे एक एंजिनियरही होते. त्यांनीं गटारें उपसविलीं, भिंतींस चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूंचें प्रमाण शेंकडा दोनांवर आलें. ह्याच डॉ. सदरलंडांनीं पुढें तीस वर्षांहून अधिक काळ नाइटिंगेलबाईंच्या बरोबरीनें काम केलें. उलटपक्षीं, रोग जंतूंमुळें होतात हें डॉक्टर सांगूं लागले तेव्हां बाई तें मानावयास पुष्कळ वर्षें तयार नव्हत्या. तेव्हां शहाणपण एकाच बाजूस होतें असें समजण्याचें कारण नाहीं.

१८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत बाईंच्या नांवानें परिचारिकांची शाळा निघाली आणि शुश्रूषेस शिक्षणाची व शिस्तीची प्रतिष्ठा आली. मात्र औषधोपचारांत डॉक्टरांची आज्ञा पाळणें हा त्या शिस्तीचा एक मोठा भाग होता. त्यामुळें ज्ञान वाढलें तरी तोंड बंद राहिलें. १९६७ सालीं लेनर्ड स्टाइन ह्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानें ह्या स्थितीस ‘डॉक्टर-परिचारिका खेळ’ असें नांव दिलें. खेळाचा नियम असा कीं परिचारिकेनें सल्ला द्यावयाचा, पण तो सल्ला आहे असें दिसूं द्यावयाचें नाहीं. “ताप उतरत नाहीं, डॉक्टर. मागल्या खेपेस अमुक औषधानें उतरला होता, असें कागदावर दिसतें.” मग डॉक्टरांनीं तेंच औषध सांगावयाचें, आणि तिनें “बरें, डॉक्टर,” म्हणावयाचें. आपल्या घरांत आईनें ठरविलेली गोष्ट वडिलांच्या तोंडून कशी वदविली जाते, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हा खेळ निराळा समजावून सांगावयास नको.

पण हा खेळ नेहमींच निरुपद्रवी असतो असें नव्हे. १९६६ सालीं हॉफ्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्णालयांत कामावर असलेल्या २२ परिचारिकांना एका अनोळखी ‘डॉक्टर’चा दूरध्वनि आला: अमुक रोग्यास अमुक औषध २० मिलिग्रॅम द्या, मी मागाहून येऊन सही करीन. बाटलीवर स्पष्ट छापलें होतें कीं कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. दूरध्वनीवरून आज्ञा घेणें हेंही नियमांविरुद्ध होतें. बाटलींत वस्तुतः निरुपद्रवी साखर होती. पण हें त्यांस ठाऊक नव्हतें. २२ पैकीं २१ जणी औषध घेऊन रोग्याकडे निघाल्या आणि त्यांना वाटेंत थांबवावें लागलें. असा प्रसंग आल्यास काय कराल, असें दुसऱ्या १२ परिचारिकांस नुसतें विचारलें होतें, तेव्हां १० जणींनीं औषध देणार नाहीं असें उत्तर दिलें होतें. ह्या २१ जणी अडाणी नव्हत्या, निष्काळजीही नव्हत्या. पलीकडून आवाज डॉक्टरचा आला, एवढेंच झालें होतें. १९७७ सालीं असाच प्रयोग पुन्हां झाला. त्यांत औषध परिचारिकांच्या ओळखीचें होतें व सोबतिणींशीं बोलण्याची त्यांस मोकळीक होती. त्या वेळीं १८ पैकीं १६ जणींनीं औषध दिलें नाहीं.

आतां उलट बाजूची एक गोष्ट सांगतों. ती मला ह्या सर्वांत अधिक प्रिय आहे. इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत रॉचफर्ड येथें एक रुग्णालय होतें. तेथें अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर वॉर्ड ह्यांच्याकडे होता. कोंदट पेटीपेक्षां मोकळी हवा व ऊन बाळांस चांगलें, अशी त्यांची जुन्या वळणाची श्रद्धा. उन्हाळ्यांत त्या नाजूक बाळांना ढकलगाडींतून अंगणांत नेत व डॉक्टरांची फेरी येण्यापूर्वीं गुपचूप आंत आणून ठेवीत. १९५६ सालच्या एका फेरीच्या वेळीं त्यांनीं काहींशा भीतभीतच एक उघडें बाळ डॉक्टरांपुढें केलें. बाळास कावीळ होती. पण अंग सर्व फिकें आणि मधेंच एक त्रिकोण तेवढा गडद पिवळा. डॉ. डॉब्स म्हणाले, हें कशानें रंगविलेंत, आयोडिनानें कीं काय? सिस्टरनीं सांगितलें कीं हें ऊन असावें. तो त्रिकोण चादरीच्या टोकाखालीं झांकलेला होता. बाकी अंगावर ऊन पडलें होतें, आणि तेथली कावीळ उतरली होती.

त्यावर कोणी विशेष बोललें नाहीं. पण कांहीं आठवड्यांनंतर कावीळ झालेल्या बाळाच्या रक्ताची एक नळी खिडकींत उन्हांत राहून गेली, आणि तपासणींत पित्तरंग अपेक्षेपेक्षां फारच कमी आला. तेव्हां डॉक्टरांस तो पिवळा त्रिकोण आठवला. नवजात बाळाच्या रक्तांत हा पित्तरंग फार वाढला तर मेंदूस कायमची इजा होते, आणि त्यावर उपाय म्हणून सगळें रक्त बदलण्याचें अवघड काम करावें लागे. रॉचफर्डच्या डॉक्टरांनीं दिव्यांची एक चौकट तयार केली, बाळें तिच्याखालीं निजविलीं, आणि १९५८ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत आपला अनुभव प्रसिद्ध केला. आज आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयांत डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या प्रकाशाखालीं ठेवलेलें बाळ आपण पाहिलें असेल. वाचकांतील कोणाचें धाकटें भावंडही तसें ठेवलेलें असेल. त्या लेखावर तीन लेखकांचीं नांवें आहेत. सिस्टर वॉर्ड ह्यांचें नांव त्यांत नाहीं.

ऐकून घेणें हें डॉक्टरांच्या स्वभावावर सोडून न देतां त्याचा नियमच करावा, हा विचार त्या मानानें नवा आहे. अत्यवस्थ रोग्याच्या मोठ्या शिरेंत नळी घालतांना जंतु आंत शिरले तर रोगी दगावूं शकतो. २००१ सालच्या सुमारास अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट ह्यांनीं ह्या कामाच्या पांच पायऱ्या एका कागदावर लिहिल्या. त्या सर्व डॉक्टरांस आधींपासून ठाऊक होत्या. नवें होतें तें एवढेंच कीं, एखादी पायरी गाळली गेल्यास डॉक्टरांस तेथल्या तेथें थांबविण्याचा अधिकार परिचारिकेस मिळाला. डॉक्टर म्हणाले, चारचौघांत परिचारिकेनें आम्हांस टोंकावयाचें? परिचारिका म्हणाल्या, पहारा करणें हें आमचें काम नव्हे, आणि बोलणीं कोणी खावयाचीं? प्रोनोव्होस्टांनीं दोघांसही विचारलें कीं, रोग्यास अपाय होत असतां आपण पाहत राहावें काय? तसें राहावें असें कोणासच म्हणतां येईना. कोणी डॉक्टर ऐकेनासा झाला तर रात्रीं-अपरात्रीं मला कळवा, असें त्यांनीं परिचारिकांस सांगून ठेविलें.

पुढें मिशिगन संस्थानांतील शंभरांहून अधिक अतिदक्षता विभागांत ही रीत सुरू झाली. तिचा वृत्तांत २००६ सालीं प्रसिद्ध झाला. नळी असलेल्या दर हजार दिवसांमागें अशा जंतुबाधेचा मध्यम आंकडा पूर्वीं २.७ होता, तीन महिन्यांत तो शून्यावर आला व दीड वर्षानंतरही तेथेंच होता. औषध नवें नव्हतें, यंत्रही नवें नव्हतें. त्या कागदावरची पहिली पायरी हात धुण्याची होती, आणि ते धुतले कीं नाहीं हें पाहण्यास शेजारीं परिचारिका उभी होती.