चिलटांचा अनुनय आणि एक जनुक

केळी काळी पडू लागली की त्यांवर घोंघावणारी चिलटं, म्हणजे ड्रॉसोफिला ही फळमाशी. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. बाटलीत केळ्याचा तुकडा ठेवून मी भिंगातून ती तासन्‌तास पाहिली आहेत. नराचा अनुनय ठरलेल्या क्रमाने चालतो. तो मादीच्या मागे लागतो, पुढच्या पायाने तिला स्पर्श करतो, मग एकच पंख आडवा पसरून थरथरवतो. हे त्याचं गाणं. ते आपल्याला ऐकू येत नाही, पण त्याच्या दोन ठोक्यांतलं अंतर सुमारे ३५ मिलिसेकंद असतं आणि जवळच्या दुसऱ्या जातीत ते वेगळं असतं. जन्मापासून एकटा वाढवलेला नरही पहिल्याच भेटीत हे सगळं करतो.

मग हे लिहिलेलं कुठे असतं? १९६३ साली कुलबीर गिल या भारतीय संशोधकाने अशा नरांची नोंद केली, जे नरांच्याही मागे लागत आणि ज्यांना संतती होत नसे. त्या उत्परिवर्तनाला आधी टिंगलीचं नाव पडलं. पुढे ‘फ्रूटलेस’, म्हणजे निष्फळ, हे नाव रूढ झालं. १९९६मध्ये जनुक हाती लागलं. ते नर-मादी दोघांतही असतं, पण त्याचा संदेश दोघांत वेगवेगळा कापून जोडला जातो. एकाच कापडातून सदरा बेतावा किंवा परकर, तसं. २००५ साली व्हिएन्नात एब्रू देमिर आणि बॅरी डिक्सन यांनी माद्यांमध्ये नराची बेतणी घडवून आणली. त्या माद्या इतर माद्यांचा अनुनय करू लागल्या.

व्याख्यानात हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो: मग माणसांवर ‘उपचार’ करता येईल का? तो शब्दच मला खटकतो. चिलटाचं हे जनुक माणसाच्या प्रेमाचा खुलासा करत नाही. आणि चिलटातही गोष्ट इतकी सरळ नाही. २०१४मध्ये पॅन आणि बेकर यांनी फ्रूटलेसचं नर-रूप अजिबात नसलेले नर तपासले. एकटे वाढवलेले अनुनय करीनात. इतर माश्यांच्या सहवासात काही दिवस काढलेले मात्र करू लागले. अनुनय ते संगतीत शिकले होते. अर्थात या शिकण्यालाही ‘डबलसेक्स’ नावाचं दुसरं जनुक लागतं.