करप्यावरचे धातुयुक्त औषध : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घोड नदीच्या खोऱ्यातील अवसरी बुद्रुक व मंचरच्या मुलखात बटाटा, कांदा आणि टोमॅटो करणाऱ्या शेतकऱ्यांच्या परिचयाची जी पिवळसर भुकटी, ती मॅन्कोझेब, हे मँगनीज व जस्त या धातूंचे गंधकयुक्त सेंद्रिय रेणूशी झालेले जटिल संयुग आहे. शुद्ध स्वरूपात त्यात सुमारे २० टक्के मँगनीज आणि अडीच टक्के जस्त असते.

धातूच रोगाला मारतो, हा समज बोर्डो मिश्रणापुरता यथार्थ आहे. कारण १८८५ मध्ये फ्रान्समधील मिलार्दे यांनी ज्याची उपयुक्तता जाहीर केली, त्या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणातील तांबे बीजाणूंत शिरून त्यांची विकरे स्वतःच निकामी करते. मॅन्कोझेबची रीत निराळी. पाण्याच्या सान्निध्यात हे संयुग विघटित होते, त्याच्या गंधकयुक्त भागापासून आयसोथायोसायनेट निर्माण होते, आणि ते श्वसनादी क्रियांच्या अनेक विकरांतील थायॉल गटांना चिकटून त्यांचा कारभार बंद पाडते.

परंतु हे सारे पानाच्या पृष्ठभागावर घडते. औषध पानाच्या आत शिरत नसल्याने, करपा पानात एकदा मुरल्यावर मात्रा दुप्पट करणे हा केवळ पैशाचा अपव्यय होय, आणि माझ्या मते आपल्याकडील सर्वांत खर्चिक गैरसमज हाच आहे. ढगाळ, दमट हवा धरताच, डाग दिसण्यापूर्वी, फवारणी व्हावयास हवी. नंतर फुटलेली पाने उघडीच राहतात आणि जोराचा पाऊस थर धुऊन नेतो, म्हणून ती पुन्हा करावी लागते.

औषध जुने, म्हणून रोग त्याला सरावला, हेही खरे नव्हे. आरएनए घडविणाऱ्या एकाच विकरावर आघात करणाऱ्या मेटॅलॅक्सिलला बटाट्याच्या करप्याने १९८० सालीच आयर्लंड व नेदरलँड्समध्ये दाद देणे सोडले. अनेक विकरांना एकाच वेळी अडविणारे मॅन्कोझेब मात्र टिकून राहिले, आणि म्हणूनच ही दोन्ही औषधे एकत्र करून विकली जातात.

जस्त व मँगनीज ही पिकाची अन्नद्रव्ये, तेव्हा भुकटी निरुपद्रवी, असे मानून गाफील राहणे मात्र घातक ठरेल. तिच्या विघटनातून आणि भाजी शिजविताना उष्णतेने उत्पन्न होणारे इथिलीन थायोयुरिया माणसाच्या कंठग्रंथीतील पेरॉक्सिडेज विकराला रोधते. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबची मंजुरी पुढे चालू ठेवली नाही. तेव्हा हातमोजे व तोंडावर आच्छादन घेतल्यावाचून फवारू नये, आणि वेष्टनावर छापलेली काढणीपूर्व प्रतीक्षेची मुदत संपल्यावाचून माल बाजारात नेऊ नये, ही प्रत्येक बागायतदारास कळकळीची विनंती आहे.