द्रविडचे ग्लोव्हज

बेसबॉलमध्ये मला सगळ्यात जास्त कुतूहल आहे ते कॅचरचं. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून तो हंगामाला शंभराच्या आसपास सामने काढतो आणि तिशीपर्यंत त्याचे गुडघे कुरकुरायला लागतात. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचा क्रेग बिजिओ कॅचर म्हणूनच नावारूपाला आला. १९९२ साली क्लबने त्याला तिथून उठवून सेकंड बेसवर नेलं. पाय वाचले, कारकीर्द २० हंगाम चालली, ३,०६० हिट्स जमा झाले आणि २०१५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. बिजिओबद्दल वाचताना मला दर वेळी बंगळूरचा एक मराठी मुलगा आठवतो, कारण त्याच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. त्याचे ग्लोव्हज कोवळ्या वयात उतरवले गेले आणि २९व्या वर्षी पुन्हा त्याच्या हातात दिले गेले.

राहुल द्रविडचं चरित्र इथे सांगत बसत नाही. इंदूरचा जन्म, किसान या जॅमच्या कंपनीत नोकरी करणारे वडील आणि त्यावरून पडलेलं ‘जॅमी’ हे नाव, आर्किटेक्चर शिकवणारी प्राध्यापक आई, सेंट जोसेफ्स शाळा, हे दिवाळी अंक वाचणाऱ्याला पाठ असतं. चिन्नास्वामी स्टेडियमवरच्या उन्हाळी शिबिरात केकी तारापोर यांची नजर त्याच्यावर पडली, हेही. मात्र कुमार वयात हा मुलगा यष्टिरक्षणही करायचा, हे सहसा एका ओळीत उरकलं जातं. ते सोड आणि फलंदाजीकडे लक्ष दे, असं सांगणाऱ्यांत तारापोर तर होतेच. शिवाय गुंडप्पा विश्वनाथ, रॉजर बिन्नी आणि ब्रिजेश पटेल होते. कर्नाटकाचं अख्खं क्रिकेट एका बाजूला आणि शाळकरी पोरगा दुसऱ्या बाजूला! त्याने ऐकलं. फेब्रुवारी १९९१ मध्ये, नुकताच १८ वर्षांचा झालेला असताना, पुण्यात महाराष्ट्राविरुद्ध तो रणजीत उतरला आणि ८२ धावा करून गेला. संघात कुंबळे आणि श्रीनाथ होते. घरात मराठी बोलणारं पोर आपल्याच गोलंदाजांना दमवतंय, याचं पुणेकरांना त्या दिवशी किती कौतुक वाटलं असेल कोण जाणे.

त्या वडीलधाऱ्यांचा सल्ला बरोबर होता का? कसोटीपुरता शंभर टक्के. १६४ कसोटी आणि १३,२८८ धावा ग्लोव्हज घालून झाल्या नसत्या. एकदिवसीय क्रिकेटचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि तो मांडताना जाणकारही घसरतात. ‘द्रविडवर यष्टिरक्षण लादून त्याच्यावर अन्याय केला’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्याचा राग येतो.

पहिली खूण २६ मे १९९९ची, टाँटनची. विश्वचषकात श्रीलंकेविरुद्ध नयन मोंगियाच्या जागी द्रविड यष्टींमागे होता. त्या दिवशी गांगुलीच्या १८३ आणि द्रविडच्या १४५ धावा झाल्या, दोघांची भागीदारी ३१८ची. ती भागीदारी सगळ्यांना आठवते. पुढचा डाव त्याने यष्टींमागे काढला, हे फार थोड्यांना.

मग जुलै २००२. लॉर्ड्सची अंतिम लढत, गांगुलीने बाल्कनीत शर्ट फिरवला ती. भारतापुढे ३२६चं लक्ष्य, निम्मा संघ १४६ धावांत परतलेला. युवराजने ६९ केल्या आणि सातव्या क्रमांकावर आलेल्या मोहम्मद कैफने नाबाद ८७. द्रविडच्या नावापुढे धावफलकात ५ लिहिलेत. आता विचार करा, कैफ सातव्या क्रमांकावर आला कुठून? निव्वळ यष्टिरक्षक खेळवला असता तर ती जागा त्याची होती. द्रविडने ग्लोव्हज घातले म्हणून संघाला सातवा फलंदाज मिळाला. त्याच्या त्या ५ धावा मला त्याच्या काही शतकांपेक्षा मोलाच्या वाटतात.

याची किंमतही कुणीतरी मोजलीच. ऑगस्ट २००२ मध्ये ट्रेंट ब्रिजवर वयाच्या १७व्या वर्षी कसोटीत उतरलेला पार्थिव पटेल २००३च्या विश्वचषकाला संघासोबत गेला आणि एकही सामना न खेळता परतला. जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यापर्यंत द्रविडच यष्टींमागे उभा होता. अन्याय झालाच असेल तर तो या पोरावर झाला, द्रविडवर नव्हे. द्रविड ७३ एकदिवसीय सामन्यांत यष्टिरक्षक होता. त्यांत त्याची फलंदाजीची सरासरी ४४च्या घरात आहे. एकूण ३४४ सामन्यांची सरासरी ३९.१६. ओझ्याखाली माणूस वाकतो म्हणतात. हा सरळ झालेला दिसतो.

त्याच्या कारकिर्दीतला मला सर्वांत प्रिय तुकडा मात्र स्कॉटलंडचा आहे. विश्वचषक संपला होता, मे २००३ मध्ये नागपूरच्या डॉ. विजेता पेंढरकर यांच्याशी लग्न झालं होतं. कुणीही विश्रांती घेतली असती. स्कॉटलंडचा संघ त्या वर्षी प्रथमच इंग्लिश कौंटींच्या ४५ षटकांच्या लीगमध्ये, दुसऱ्या विभागात, उतरत होता. त्यांना एक नावाजलेला व्यावसायिक हवा होता. मानधनासाठी तिथल्या भारतीय समाजाने हातभार लावला. कप्तान क्रेग राइटच्या संघात बहुतेक हौशी होते, आठवडाभर नोकरी करून खेळायला येणारे. अशा संघात द्रविडने ११ सामन्यांत ६०० धावा काढल्या, तीन शतकं, सरासरी ६६.६६. विश्वचषकाचा उपविजेता दुसऱ्या विभागात खेळतोय यात कमीपणा मानणारे आपल्याकडे पुष्कळ निघतील. कौंटीत पगारी खेळाडू असणं काय असतं, हे तो २००० साली केंटमध्ये शिकला होता. तिथे त्याने प्रथम श्रेणीत १,२२१ धावा केल्या आणि पोर्ट्समथला शेन वॉर्न खेळत असलेल्या हॅम्पशायरविरुद्ध १३७. त्याच हंगामात केंटचे प्रशिक्षक होते जॉन राइट. पुढे ते भारताचे पहिले परदेशी प्रशिक्षक झाले, त्यात द्रविडने टाकलेला शब्द होता. म्हणजे त्याला ग्लोव्हज घालायला लावणारा प्रशिक्षक एका अर्थी त्यानेच आणलेला!

स्कॉटलंडचं थंड, दमट हवामान, वळणारा चेंडू, आणि आपण बाद झालो की डाव कोसळणार ही जाणीव. यानेच पुढचं घडलं असं सिद्ध करता येत नाही, पण मला ते खरं वाटतं. ऑक्टोबर २००३ मध्ये अहमदाबादला न्यूझीलंडविरुद्ध २२२. डिसेंबरात अ‍ॅडलेडला २३३ आणि नाबाद ७२. १९८१नंतर ऑस्ट्रेलियात भारताचा पहिला कसोटी विजय. एप्रिल २००४ मध्ये रावळपिंडीला २७०, खेळपट्टीवर १२ तास २० मिनिटं. अ‍ॅडलेड आणि रावळपिंडीच्या मध्ये, १३ मार्चला, कराचीचा एकदिवसीय सामना झाला. शोएब अख्तरने त्याला ९९वर त्रिफळाचीत केलं, भारताच्या ३४९ झाल्या. पाकिस्तानचा पाठलाग ३४४वर थांबेपर्यंत पन्नास षटकं यष्टींमागे द्रविडच होता.